देवाची वकिली बंद करा

आधीच सांगून टाकतो. देव आहे की नाही, ह्या वादात मला पडायचं नाही. ज्यांची दुपार रिकामी असते त्यांनी तो घालावा. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो, दुपारी झोपतो. माझं भांडण देवाच्या वकिलांशी आहे. देव समोर आला तर काय ते त्याच्याशी बोलून घेईन. पण तो येत नाही, येतात ते हे वकील. मयताच्या घरी येतात, सतरंजीवर मांडी घालतात, पुस्तक उघडतात, आरोपीच्या गैरहजेरीत त्याला निर्दोष सोडवतात आणि चहा पिऊन निघून जातात.

मी ख्रिस्ती. महार ख्रिस्ती. दोन्ही शब्द मुद्दाम लिहितोय. चर्चमध्ये पहिला शब्द उच्चारला की लोक घसा खाकरतात, आणि गावाच्या लेखी दुसऱ्या शब्दाला किंमत नाही. नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर म्हणायचं) आमची पाचवी-सहावी पिढी. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, पण महारामांगांची रीघ लागली ती १८७६-७८ च्या दुष्काळानं. अजून टोमणा ऐकतो, भाकरीसाठी बाटले. हो, भाकरीसाठी! ज्या देवाच्या दारात भाकरी मिळाली तो आमच्या आज्या-पणज्यांना मोठा वाटला, यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? ज्यांच्या देवानं हजार वर्षं पायरीसुद्धा चढू दिली नाही त्यांनी तर हे बोलूच नये.

असो. वकिलांकडे वळू.

त्यांचे मुद्दे तीन-चारच. फिरून फिरून तेच. पहिला, देव आपल्या लाडक्यांची परीक्षा घेतो. ठीक आहे, घेऊ दे. पण ह्या परीक्षेचं केंद्र कायम महारवाड्यात, मांगवाड्यात, नाल्याकाठच्या झोपडपट्टीतच का पडतं? एखादा पेपर पाटलाच्या वाड्यात टाकायला काय हरकत होती? आणि ही कसली परीक्षा, की पिढ्यांमागून पिढ्या बसतायत आणि निकालच लागत नाही?

दुसरा मुद्दा शिकलेल्या पाळकांचा आवडता. देवानं माणसाला मोकळीक दिली, माणूस ती वाईट वापरतो, त्याला देव काय करणार! मुद्दा हुशार आहे, मानतो. पण नीट बघा, मोकळीक कुणाला मिळाली आणि मार कुणाला बसला. काठी उगारायची मोकळीक एकाची, पाठ दुसऱ्याची. १७ जुलै १९८५ ला आंध्रात कारमचेडूला सहा मादिगा माणसं मारली. ६ ऑगस्ट १९९१ ला चुंडूरला आठ दलित कापले, प्रेतं पोत्यात भरून कालव्यात टाकली. दोन्हीकडच्या वस्त्यांत येशूला भजणारी घरं होती. चुंडूरच्या खटल्यात २००७ साली विशेष कोर्टानं शिक्षा दिल्या, २०१४ साली हायकोर्टानं आरोपी सोडून दिले. मारणाऱ्यांना मारायची मोकळीक, नंतर सुटायचीही मोकळीक. मेलेल्यांना धड पळायचीसुद्धा नाही. देवानं ही मोकळीक वाटली असेल तर ती रेशनच्या साखरेसारखी वाटली गेलीय. यादीत नाव सगळ्यांचं, माल एकाच्याच घरी.

तिसरा, इथं रडा तिथं हसाल. ह्याला ते लाजरची गोष्ट लावतात, लूकच्या शुभवर्तमानातली. फोडांनी भरलेला लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला, कुत्री येऊन फोड चाटतात, मेल्यावर तो अब्राहामाच्या उराशी आणि श्रीमंत आगीत. आता ती गोष्ट पुन्हा वाचा. श्रीमंतानं लाजरला मारलं, लुबाडलं, असं एका अक्षरानं लिहिलेलं नाही. त्यानं फक्त त्याला दाराशी पडू दिलं. तेवढ्यावर तो गेला. म्हणजे गोष्ट आहे श्रीमंताला घाम फोडण्यासाठी. आमचे पाळक ती झोपडपट्टीत येऊन लाजरलाच सांगतात! टपाल चुकीच्या पत्त्यावर टाकायचं आणि वर म्हणायचं, बघा कसं सांत्वन केलं.

चौथा मुद्दा सगळ्यात नीच आहे. पाप. तू भोगतोस ते पापाचं फळ. ह्यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळी मेख इथं आहे.

बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या अवस्थेवर लिहिलेलं आहे. मी नववी पास. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं, पंधरा दिवस लागले. त्यांचं म्हणणं असं की धर्म बदलला तरी ह्या माणसाची जात सुटली नाही, आणि तो आपल्या अन्यायाविरुद्ध उठतही नाही. का उठत नाही? कारण मिशननं त्याला शिकवलं की माणसाचं पतन त्याच्या स्वतःच्या पापानं झालं. भोवतालच्या समाजानं त्याला पाडलं असं नाही. मग भांडणार कुणाशी? स्वतःशीच! आमच्यातले काहीजण हे वाचून नाराज होतात. मला त्यात शिवी दिसली नाही. डॉक्टर छातीला नळी लावून बघतो तसं बाबासाहेबांनी बघितलंय, आणि रोग बरोबर सांगितलाय. कर्मविपाक म्हणतो, मागल्या जन्मीचं पाप. मिशन म्हणतं, आदामाचं पाप. तारीख तेवढी बदलली. गुन्हेगार दोन्हीकडे मीच.

आता वकील ज्या पुस्तकावर हात ठेवतात तेच उघडू. योहानाचा नववा अध्याय. जन्मापासून आंधळा माणूस रस्त्यात बसलाय. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? मनूच्या शाळेत शिकून आल्यासारखा प्रश्न. येशू म्हणतो, ह्याचंही नाही, त्यांचंही नाही. दोन शब्दांत कर्मविपाक निकालात काढला. पुढे तो म्हणतो की देवाची कामं दिसावीत म्हणून, आणि तेवढा तुकडा पाळक घट्ट धरून बसतात. बघा, देवाच्या मोठेपणासाठीच तो आंधळा होता! अहो, त्यानंतर येशूनं काय केलं ते का गिळता? तो थुंकला, थुंकीनं माती कालवली, ती हातानं त्याच्या डोळ्यांना लावली. चिखलात हात घातला. तेच काम.

आणि लूकचा तेरावा अध्याय. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज पडला, अठरा माणसं मेली. लोकांच्या मनात तेच, काहीतरी पाप असणार. येशू उलट विचारतो, ती अठरा माणसं बाकीच्या शहरापेक्षा जास्त पापी होती काय? आणि स्वतःच सांगतो, नाही. मग ऐकणाऱ्यांना बजावतो, तुम्ही बदला, नाहीतर तुमचंही असंच. म्हणजे मेलेल्यांची चौकशी बंद आणि जिवंतांची सुरू.

आपल्याकडे १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत पडली. वेठीला धरलेले मजूर खाली गाडले गेले. त्यात चोखोबा. नामदेवानं त्याची हाडं ओळखली, कारण त्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू येत होतं, असं सांगतात. गोड गोष्ट आहे. पण वेठीला कुणी धरलं, भिंत कच्ची कुणी ठेवली, ते त्या गोष्टीत नाही. ज्या हाडांतून नाव आलं नाही ती हाडं कुठं गेली, तेही नाही. चोखोबा स्वतः आपल्या जन्माचा दोष मागल्या करणीला लावून गेला. त्याच्या पोराला, कर्ममेळ्याला, ते पचलं नाही. त्यानं विठ्ठलाला सरळ जाब विचारला. सातशे वर्षांपूर्वी! मला बापापेक्षा पोरगा जवळचा वाटतो.

आता तिसरी भिंत. २ डिसेंबर २०१९, पहाट. तमिळनाडूत मेट्टुपाळयमजवळ नडूर गावात पावसानं एक उंच भिंत घरांवर पडली. सतरा माणसं झोपेतच मेली, सगळी दलित. भिंत शेजारच्या एका कापडदुकानाच्या मालकाच्या आवाराची. वस्तीतले लोक म्हणत होते, आम्ही दिसू नये म्हणूनच ती एवढी उंच नेली. कापड विकून बांधलेली भिंत! मी रिंग फ्रेमवर उभा राहून सूत काढतो. ते सूत कुठं जातं, कुठल्या मागावर, कुठल्या दुकानात, मला माहीत नसतं. म्हणून ही बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. शिलोहाला अठरा, नडूरला सतरा. मंगळवेढ्याचा आकडा कुणी ठेवला नाही.

पाऊस देवाचा, भिंत मालकाची. इतका सोपा हिशोब असताना वकील सगळं एकाच खात्यावर मांडतात. देवाची इच्छा! मालकाला ह्याहून स्वस्त वकील कुठं मिळणार? देवाचा बचाव करता करता हे कुणाचा बचाव करून जातात, ते बघा.

दुष्काळाचंही तेच. १८७६ ला पाऊस पडला नाही, ते देवाच्या खात्यावर टाका, माझी हरकत नाही. पण धान्य आगगाडीत भरून बंदरावर गेलं, बोटीत चढून विलायतेला गेलं, ते कुणाच्या खात्यावर? १८७७ साली सर रिचर्ड टेंपलनं ठरवलं की दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक रतल धान्य आणि वर थोडी चिल्लर पुरे. रतल म्हणजे आपले साडेचारशे ग्रॅम. मुंबई इलाख्यात ह्या मापाविरुद्ध उपाशी माणसांनी दुष्काळी कामं सोडली. पोटात काही नसताना संप! ह्याचा एक धडा तरी रविवारच्या शाळेत शिकवलाय कुणी? माझी आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची. सुकडी मिळायची, लाल मिलो मिळायचा, खडी तेव्हाही फोडली. माणसं वाळून काटकी झाली, पण १८७७ सारखी रस्त्याकडेला पडली नाहीत. देव तोच होता, पाऊसही तसाच गायब. तेव्हा सरकारला मतांची भीती होती, गोऱ्या साहेबाला नव्हती.

पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की आमच्यातले काहीजण नाक मुरडतात, ब्राह्मणाची बाई म्हणून. मुरडू देत. त्यांचे आईबाप आणि बहीण १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळात उपासमारीनं गेली. पुराणं सांगत, तीर्थं करत, होतं ते देवाधर्माला वाटत गेली. पुढं १८८३ साली बाई ख्रिस्ती झाल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी उचलून आणल्या. केडगावचं मुक्ती त्यातून उभं राहिलं. आधी आईबापांची भूक का, याचं उत्तर मिळू दे, मग पोरींना जेवण, असं त्या म्हणाल्या नाहीत.

माझ्या बापाचंही सांगतो, थोडक्यात. कार्डिंग खात्यात बावीस वर्षं. तिथं कापसाची धूळ अशी की दिव्याभोवती धुकं दिसतं. रविवारी उपासनेत बापाचा आवाज खणखणीत, सोमवारी पाळीवरून आला की दोन पायऱ्या चढवत नसत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही ह्या रोगाची खूण आहे. नाव बिसिनोसिस. कायद्यातल्या धंद्याच्या रोगांच्या यादीत तो आहे, त्याला भरपाई आहे. बापाच्या कागदावर मात्र 'दमा' एवढंच पडलं. धूळ ओढणारी मोटर विजेचं बिल वाचवायला बंद असायची, इन्स्पेक्टर यायच्या दिवशी चालू. बाप बावन्नाव्या वर्षी प्रभूत निजला. पाळक म्हणाले, देवाला आपल्या बागेसाठी फूल हवं होतं. बावीस वर्षं कापूस गिळलेल्या माणसाला फूल! त्या मोटरीचं बटण देवाच्या हातात नव्हतं. कुणाच्या हातात होतं ते पाळकांना ठाऊक होतं. तो माणूस नाताळला देणगी देतो.

ईयोबाच्या पुस्तकात असेच तीन मित्र आहेत, अलीफज, बिल्दद आणि सोफर. पोरं मेली, ढोरं गेली, अंगभर फोड. मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते चांगले होते. तोंड उघडलं आणि वकिली सुरू झाली. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव उगीच करत नाही. ईयोब ऐकत नाही. जन्माला आलो तो दिवस जळो म्हणतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी देव कुणाच्या बाजूनं उभा राहतो? ईयोबाच्या! मित्रांना म्हणतो, माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत. वर सात बैल आणि सात मेंढे दंड. पाळकांनी हा शेवट एकदा मोठ्यानं वाचावा. ईयोबाला कारण मात्र देवानं सांगितलंच नाही. वादळातून बोलला, पाणघोडा दाखवला, मगर दाखवली. ते भाषण मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण गप्प बस असं तो ईयोबाला लाच देऊन म्हणाला नाही, एवढं खरं.

आमचे बौद्ध मित्र म्हणतात, कशाला ह्या उठाठेवी? सोड तो देव, ये इकडे. त्यांचा मला राग नाही. ते माझे भाऊ आहेत, एकाच वाड्यातले, एकाच विहिरीवरून हाकललेले. बुद्धाची बाणाची गोष्ट ते सांगतात, बाण लागलेल्यानं तो कुणी मारला, कुठल्या लाकडाचा, हे विचारत बसू नये, आधी बाण काढावा. मान्य. पण बाण काढून झाल्यावर मारणारा कोण, हे मी विचारणार. उद्या त्याच्या भात्यात दुसरा आहे. आणि बाबासाहेबांनीही तेच विचारलं, जन्मभर.

येशू माझ्याजवळ का राहिला, ते सांगतो. रोमन लोक वधस्तंभ ठेवायचे तो गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी. इसवी सनापूर्वी ७१ साली स्पार्टाकसचं बंड मोडलं तेव्हा सहा हजार गुलाम एका रस्त्याच्या कडेनं टांगले. त्याच लाकडावर हा नासरेथचा सुतार मेला, आणि मरताना ओरडून देवालाच विचारलं की मला का टाकलंस. हा प्रश्न त्यानं विचारला! उत्तर आलं नाही. पुस्तकात तिथं वकिलानं उठून खुलासा केला असं कुठं नाही. आणि आम्ही तोच प्रश्न विचारला की आम्हाला अविश्वासी ठरवतात. १९८१ साली बंगलोरला अरविंद निर्मल यांनी दलितांच्या बाजूनं ईशज्ञान मांडायला सुरुवात केली, पुढं येशूलाच दलित म्हटलं, तेव्हा मोठमोठ्या भुवया वर गेल्या. गेल्या तर गेल्या. आमच्या चर्चमधला वधस्तंभ पितळेचा आहे, दर शनिवारी चिंचेनं घासतात. त्यावर रक्ताचा डाग कसा दिसणार?

आणि जिवंतपणी काय, ते बघा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसऱ्या परिच्छेदानं सांगितलं, अनुसूचित जात फक्त हिंदूंत. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. मद्रासला रस्त्यावर जोडे शिवणारा सूसाई म्हणून एक माणूस होता. सरकारनं अनुसूचित जातीतल्या चांभारांना बसायला फुकट टपऱ्या दिल्या, ह्याला नाही, कारण हा ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तीच हलाखी तितकीच राहते हे दाखवलेलं नाही. माणूस रस्त्यावर बसून जोडे शिवतोय आणि दाखवायचं काय राहिलं? २००७ ला मिश्रा आयोगानं ती धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोगांवर आयोग. १९८९ चा अत्याचाराचा कायदाही अनुसूचित जातीच्या माणसासाठी, म्हणून आमच्यातले कित्येक रविवारी ख्रिस्ती आणि सोमवारी कागदावर हिंदू. मी त्यांना दोष देत नाही.

सरकारला शिव्या देणं सोपं. तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कॅथलिक स्मशानात सवर्ण ख्रिस्त्यांची मढी आणि दलित ख्रिस्त्यांची मढी वेगळी राहावीत म्हणून भिंत घातली. ती पाडा म्हणून दलित ख्रिस्ती वर्षानुवर्षं ओरडतायत. शिलोहाची पडली, मंगळवेढ्याची पडली, नडूरची पडली. पडायला पाहिजे ती मात्र मजबूत सिमेंटची!

पाळकसाहेब, तुमच्याशी माझं वैर नाही. मयताला या, जमिनीवर बसा, अलीफज-बिल्दद बसले तसे सात दिवस गप्प बसा. रडता आलं तर रडा. आणि आठव्या दिवशी माझ्याबरोबर फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या हापिसात चला. आमच्या मंडळीतले अकराजण त्या गिरणीत आहेत, चौघांना सोमवारी दम लागतो. मी अर्ज लिहून दिलाय, मंडळीच्या कागदावर जावा म्हणून. त्यात मागण्या दोनच आहेत, मोटर तिन्ही पाळ्यांत चालू ठेवा आणि कामगारांच्या छात्या तपासा. देवाचं नाव त्यात कुठं घातलेलं नाही. दीड महिना झाला, अर्ज तुमच्या टेबलावर आहे, शाईचं पेन मी सोबत ठेवून आलोय.